जिऑलॉजीला किती झाले?

घरात रद्दी साठली तर ती निळ्या डब्यात टाकता येते, आणि एक आठवडा सोडून दर मंगळवारी कौन्सिलची गाडी येऊन ती घेऊन जाते. किस्से साठले तर काय करायचं? कौन्सिल घेत नाही. म्हणून मग मी ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानात टाकते. आज तुम्ही सापडलात!

मी इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊच्या बाजूला एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात ॲडमिशनच्या ऑफिसात बसते. बारा वर्षं झाली. आपल्या दहावीसारखी जीसीएसईची परीक्षा झाली की सोळा वर्षांची मुलं आमच्याकडे येतात, ए लेव्हलचे तीन विषय निवडतात, दोन वर्षं तेवढेच शिकतात, आणि त्या तीन विषयांवर पुढची युनिव्हर्सिटी ठरते. सोळाव्या वर्षी! मला सोळाव्या वर्षी डोंबिवलीत पाणीपुरी गोड हवी की तिखट, हेसुद्धा धड ठरवता येत नव्हतं.

ऑफिसात मराठी बोलणारी मी एकटीच. ही बातमी स्लाऊपासून हाउन्सलोपर्यंत कधीच पोचलेली आहे. त्यामुळे कागदोपत्री मी 'ॲडमिशन्स असिस्टंट' असले, तरी लोकांच्या लेखी मी 'आपल्या सुलभाताई, त्यांची आत ओळख आहे!' कसली ओळख? माझी ओळख फोटोकॉपियरशी. तोही माझं ऐकत नाही.

पुढचं कळायला दोन नियम सांगते, मग सुटले. पहिला नियम, विषय चार गटांत वाटलेले असतात. त्यांना ब्लॉक म्हणतात, ए, बी, सी, डी. एका ब्लॉकचे सगळे तास एकाच वेळी असतात, म्हणून एका ब्लॉकमधला एकच विषय घेता येतो. दुसरा नियम, आठ मुलं झाली नाहीत तर वर्ग चालवायचा नाही. मॅथ्स आणि केमिस्ट्रीला या नियमाची फिकीर नसते, तिथे बाकंच कमी पडतात. धाकधूक असते ती जिऑलॉजीसारख्या बिचाऱ्या विषयाला. माझ्या टेबलामागे एक पांढरा बोर्ड आहे. त्यावर मी अशा बिचाऱ्या विषयांचे आकडे रोज पुसते आणि रोज लिहिते.

* * *

ओपन इव्हनिंगला मुलं आणि पालक कॉलेज बघायला येतात. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या ओपन इव्हनिंगला हाउन्सलोहून विलास कदम आला. वीस वर्षं विमानतळावर कार्गोत आहे. मूळचा सांगलीचा, मनाने सरळ, आवाजाने मोठा. सोबत त्याची मुलगी जुई. जुईच्या खोलीच्या खिडकीत म्हणे शोभेची एक वस्तू नाही, सगळे दगड. सुट्टीत समुद्रावर नेली की पोरं शिंपले आणतात, ही धोंडे आणते.

"ताई, हिला जरा समजवा," विलास म्हणाला. "मॅथ्स, फिजिक्स ठीक आहे. तिसरा विषय जिऑलॉजी म्हणते!"

"मला युनीला अर्थ सायन्सेस करायचाय, बाबा. आय टोल्ड यू."

"मग केमिस्ट्री घे. केमिस्ट्री नसली तर मेडिसिन बंद. उद्या तुला डॉक्टर व्हावंसं वाटलं तर?"

"मला नाही वाटणार."

"वाटलं तर?"

"नाही वाटणार!"

"अगं, पण समज वाटलंच तर?"

दुर्दैव असं, की त्या वर्षी केमिस्ट्री आणि जिऑलॉजी दोन्ही ब्लॉक सीमध्ये. एक घेतलं की दुसरं गेलं. युनिव्हर्सिटीला जिऑलॉजीची सक्ती नाही, हे जुईला माहीत होतं. तिचं म्हणणं एवढंच, की जे पुढे आयुष्यभर करायचं ते दोन वर्षं आधी शिकून बघू दे. जिऑलॉजी शिकवणारं दुसरं कॉलेज होतं, पण ते दोन बस आणि एक ट्रेन लांब. तिथे विलास पाठवायला तयार नव्हता. म्हणजे जुईचं जे काय व्हायचं ते आमच्या बोर्डावर होणार होतं.

आमचे जिऑलॉजीचे मास्तर मिस्टर प्रॉसर. वेल्सचे आहेत. खिशात कायम नमुने असतात, त्यामुळे त्यांच्या जॅकेटचे खिसे मांड्यांपर्यंत लोंबलेत. त्यांनी विलासची कुरकुर ऐकली आणि एक काळा दगड त्याच्या हातात ठेवला. विलासने तो सवयीने जरा वरखाली करून बघितला आणि म्हणाला, "नऊशे ग्रॅम."

प्रॉसरनी काट्यावर ठेवला. नऊशे दहा!

"मॅन'स अ नॅचरल!" प्रॉसर म्हणाले. विलासला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, पण केमिस्ट्री काही त्याने सोडली नाही.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी त्याचा फोन. "ताई, जिऑलॉजीला किती झाले?" मला वाटायचं, बापाला काळजी आहे. एकदा मी म्हटलं, "पाचच झालेत रे." तर पलीकडून असा खुललेला आवाज आला, "पाचच? मग नाही चालणार ना वर्ग?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा गृहस्थ वर्ग बंद पडायची वाट बघत होता! मुलीला नाही म्हणायचा वाईटपणा कॉलेजने घ्यावा आणि आपण नामानिराळं राहावं. मी फोन ठेवला तो जरा आपटूनच.

* * *

आपल्या आईबापांना सगळ्यात मोठा धक्का बसतो तो 'तीन' या आकड्याचा. "तीनच विषय? आणि बाकीचा वेळ?"

स्लाऊच्या नितीन देशपांड्यांनी हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला की शेवटी मी त्यांना त्यांच्या रोहनचं टाइमटेबलच छापून दिलं. आयटीतला माणूस. त्यांनी त्यातले रिकामे चौकोन मोजले. "आठवड्याला चौदा फ्री पीरियड? चौदा?"

"त्यात मुलं स्वतः अभ्यास करतात."

"स्वतः?" देशपांडे म्हणाले. मी 'स्वतः उडतात' म्हटल्यासारखे माझ्याकडे बघत होते.

शेवटी त्यांनी एक दिवस रजा टाकली. रीतसर व्हिजिटरचा बिल्ला गळ्यात अडकवून लायब्ररीत जाऊन बसले. आपला मुलगा फ्री पीरियडमध्ये काय दिवे लावतो, हे प्रत्यक्ष बघायला! अर्ध्या तासाने लायब्ररीतून मला फोन आला. "सुलभा, तुझा एक पाहुणा फिजिक्सच्या कपाटाला टेकून घोरतोय. मुलांना त्रास होतोय. काय करू?"

मी रोहनलाच पाठवलं. तो तिथेच दुसऱ्या टेबलावर मॅथ्स करत बसला होता. मुकाट्याने उठला, बापाच्या खांद्याला हात लावला आणि कुजबुजला, "बाबा, प्लीज. इट्स सायलेंट स्टडी."

देशपांडे मला नंतर दोनदा भेटले. फ्री पीरियडचा विषय त्यांनी काढला नाही.

* * *

दुसऱ्यांना हसते आणि घरचं झाकते, असं व्हायला नको. माझ्या केदारचं सांगते. आता तो नोकरीला लागलाय, पण सोळाचा होता तेव्हा त्यानेही रीतीप्रमाणे तीन विषय घेतले होते. माझी जाऊ शुभदा ग्लासगोला असते. भावजी तिथे हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. तिची सई केदारच्याच वयाची.

शुभदाचा फोन आला. "सई पाच विषय करतेय हं. केदार?"

"तीन."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "तब्येत बरी आहे ना त्याची?"

आता स्कॉटलंडची परीक्षाच वेगळी. त्यांचे हायर्स असतात, एका वर्षात पाच विषय करतात. आमच्याकडे तीनच, पण दोन वर्षं खोलात जाऊन. हे मी माझ्या नवऱ्याला कागदावर चौकटी काढून समजावलं. एकदा नाही, तीनदा. ते मान हलवत राहिले. पण शनिवार-रविवार चेहरा पडलेला तो पडलेलाच. सोमवारी डबा घेताना म्हणाले, "तरी पण मला एक कळत नाही. तू स्वतः ॲडमिशनला असताना आपल्याच मुलाला दोन विषय कमी कसे मिळाले?"

* * *

प्राजक्ता जोशी हाउन्सलोला फार्मसिस्ट आहे. जानेवारीत दुसरी ओपन इव्हनिंग होती, तेव्हा ती मुलाला, अर्णवला, घेऊन आली. सोबत तिचे वडील, आप्पा. सहा महिन्यांसाठी कराडहून आलेले. पस्तीस वर्षं हायस्कूलात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. स्वेटरवर कोट, कोटावर मफलर, आणि डोक्याला कानटोपी.

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आमची एक नवी तरुण टीचर मुलांना टायट्रेशन दाखवत होती. वरच्या बुरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, खालच्या शंकुपात्रात रंग आला की थांबायचं. तिने बोलण्याच्या नादात दोन थेंब जास्त सोडले. रंग झाला गडद गुलाबी. झालं! आप्पांना ते बघवेना. कानटोपी काढली, पुढे झाले, आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, नॉट पिंक. शाय पिंक!"

पुढचा पाऊण तास आप्पांनी लॅब चालवली. मफलर सावरत डाव्या हाताने बुरेटचा नळ फिरवायचे आणि उजव्या हाताने पात्र असं डोलवायचे की पोरं टाळ्या वाजवायला लागली. दारापर्यंत रांग! एकट्या त्या संध्याकाळी ब्लॉक सीमधून केमिस्ट्रीला अकरा नावं आली. जिऑलॉजीच्या खोलीत मिस्टर प्रॉसर एकटे बसून दगडांवरची धूळ पुसत होते.

दुसऱ्या दिवशी ती टीचर माझ्याकडे आली. "ते गृहस्थ मंगळवारी मोकळे असतात का?"

मी आप्पांना विचारलं. म्हणाले, "आलो असतो हो. पण व्हिसात काम करायला मनाई आहे. गाऊ नका म्हणाले असते तर चाललं असतं, शिकवू नका म्हणजे फारच झालं!"

आणि एवढं सगळं करून घरचा अर्णव काय म्हणाला? "आय वाँट जिऑलॉजी." का रे बाबा? तर म्हणे, "आजोबा केमिस्ट्री ब्रेकफास्टलापण शिकवतात."

* * *

प्राजक्ताची पंचाईत झाली. वडील एकीकडे, मुलगा दुसरीकडे. मग तिने तिसरा माणूस गाठला, कराडचे गुरुजी. व्हिडिओ कॉल लावला, आमच्या फॉर्मचा स्क्रीन शेअर केला, चारही ब्लॉक दाखवले. गुरुजींनी अर्णवची पत्रिका मांडली आणि म्हणाले, "मंगळ बलवान आहे. मंगळ म्हणजे भूमी. यात भूमीशी संबंधित काही आहे का?"

अर्णव मागून उडालाच! (त्याने आदल्या दिवशी आप्पांच्या फोनवरून गुरुजींशी वेगळं बोलून घेतलं होतं, हे मला त्याने जूनमध्ये सांगितलं. पोरगं हुशार आहे.)

गुरुजींनी फॉर्म पाठवायला मुहूर्तही दिला. सोमवार, सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटं, इंग्लंडची वेळ. आता आदल्याच दिवशी, मार्च अखेरच्या रविवारी, आमची घड्याळं एक तास पुढे गेलेली! गुरुजींनी हिशोब जुन्या वेळेने केला की नव्या, हे कोण सांगणार? ते तर तिकडे लग्न लावायला गेलेले. प्राजक्ताने घाबरून मला ऑफिसात फोन केला.

"ताई, तुमचा सर्व्हर जीएमटीवर चालतो की बीएसटीवर?"

म्हटलं, "प्राजक्ता, आमचा सर्व्हर त्याची लहर लागली तर चालतो!"

तिने काय करावं? अकरा अकराला एकदा फॉर्म पाठवला आणि बारा अकराला पुन्हा एकदा. कुठल्यातरी मुहूर्तावर बसेल! परिणाम असा, की माझ्या बोर्डावर सकाळी सात असलेली जिऑलॉजी दुपारी नऊ झाली. नेमका तेव्हाच विलासचा फोन. "ताई, जिऑलॉजीला किती झाले?"

"नऊ!"

पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं फोन कार्गोत गेला.

संध्याकाळी मी एक फॉर्म रद्द केला. उरले आठ. बरोब्बर आठ. मिस्टर प्रॉसरना सांगितलं तर त्यांनी खिशातून एक चकाकणारा दगड काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यांच्याकडे पेढे देण्याची हीच पद्धत. जुईला इमेल केला. तिचं उत्तर आलं, नुसते उद्गारवाचक. मी मोजले, तेवीस होते. खरं सांगते, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

* * *

आता यातला वाईट भाग. थोडक्यात सांगते, कारण मला अजून त्याचा राग येतो.

विलास आणि अर्णवचे वडील संदीप जोशी दर रविवारी लेझर सेंटरमध्ये, म्हणजे कौन्सिलच्या क्रीडासंकुलात, बॅडमिंटन खेळतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत, दोन गेमच्या मध्ये पाणी पिताना, विलास संदीपला एकच गोष्ट सांगत राहिला. केमिस्ट्री सोडली की मेडिसिन बंद. उद्या पोराला डॉक्टर व्हावंसं वाटलं तर? संदीप मुळात घाबरट. त्यात कराडला परतलेले आप्पा व्हिडिओ कॉलवर बुरेट घेऊन तयारच! सहा रविवारांत अर्णवचा मंगळ निघून गेला. बरं, अर्णवही फार कुरकुरला नाही. केमिस्ट्रीच्या टेस्टर डेला, म्हणजे विषय चाखून बघायच्या दिवशी, तीन मित्र मिळाले होते, त्यावर तो खूश होता.

ऑगस्टच्या अखेरीस जीसीएसईचा निकाल लागला. त्याच दिवशी मुलं विषय पक्के करायला आमच्याकडे येतात. अर्णवने माझ्यासमोर जिऑलॉजी खोडून केमिस्ट्री लिहिलं. मी बोर्डावरचा आठ पुसून सात केला. आमची बॉस हेलन म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत थांबते. आठ झाले तर वर्ग, नाहीतर नाही."

रांगेत अर्णवच्या मागे जुई उभी होती. ग्रेड्स उत्तम, हातात कागद, तोंडभर हसू. अर्णवने तिला अगदी निरागसपणे सांगितलं, "सॉरी यार. युअर डॅड टोल्ड माय डॅड की जिऑलॉजी इज अ बॅड आयडिया."

जुई रडली नाही, ओरडली नाही. माझ्या टेबलाशी आली. "मावशी, वर्ग नाही झाला तर माझा केमिस्ट्री लिहा. आत्ता पेन्सिलनी लिहा." आणि गेली. तिच्या आईबरोबर बसस्टॉपवर उभी होती, तेव्हा मी खिडकीतून बघितलं. विलासही घ्यायला आला होता. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

संध्याकाळी फोन. "ताई, जिऑलॉजीला किती झाले?"

"सात."

या वेळी आवाज खुलला नाही. "बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "सातच?"

"सातच!"

"ती घरात माझ्याशी बोलत नाहीये, ताई. आईशी बोलते. मला नुसतं मीठ हवं असलं तरी आईमार्फत विचारते."

मग मात्र मी त्याला चांगला सुनावला. वीस वर्षांचं साठलेलं मराठी त्या दहा मिनिटांत वापरून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "मी अर्णवला परत आणतो."

संदीपने त्याला उभं केलं नाही. "तूच म्हणालास ना बॅड आयडिया? आता तूच गुड आयडिया म्हणतोस?" मग पठ्ठ्याने रविवारी बॅडमिंटनच्या चारही कोर्टांवर प्रचार सुरू केला. सर्व्हिस थांबवून लोकांना सांगायचा, "व्होल्कॅनो असतात! ग्राउंडवॉटर असतं! फील्ड ट्रिप असते!" आयुष्यात पहिल्यांदाच त्याने जुईचं म्हणणं पाठ केलेलं होतं. पण लोकांना वाटलं, याचा काहीतरी डाव आहे. ज्या बापाने स्वतःच्या मुलीला अडवलं तो आमच्या मुलांना का ढकलतोय? रोहनचे विषय तर कधीच ठरलेले, तरी देशपांड्यांनी त्याला गाडीतच बसवून ठेवलं!

गुरुवारी संध्याकाळपर्यंत सात. मिस्टर प्रॉसर खोलीत नमुन्यांना चिठ्ठ्या लावून खोक्यांत भरत होते. वर्ग गेला तर त्यांचे निम्मे तास जाणार होते. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "काही हरकत नाही, सुलभा. दगडांना घाई नसते." मी चहा ठेवला आणि आले.

* * *

शुक्रवारी सव्वाअकराला विलास ऑफिसात आला. सकाळची शिफ्ट लवकर सोडून, तसाच पिवळं चमकणारं जाकीट घालून. हातात प्लॅस्टिकची फाइल. खाली बसला नाही.

"ताई, एक फॉर्म द्या."

"कोणासाठी?"

"आधी द्या."

दिला. त्याने खिशातून पेन काढलं आणि माझ्या काउंटरवर वाकून मोठ्या अक्षरांत लिहायला लागला. नाव: विलास शंकर कदम. वय: एक्कावन्न. आधीचं शिक्षण: बी.कॉम., सांगली. विषय: जिऑलॉजी. फक्त जिऑलॉजी.

मी म्हटलं, "विलास, हे कॉलेज मुलांचं आहे."

त्याने फाइलमधून आमचं प्रॉस्पेक्टस काढलं आणि शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. बारीक अक्षरांत होतं, की वर्गात जागा असल्यास प्रौढ विद्यार्थ्यांनाही एखाद्या विषयाला प्रवेश मिळू शकतो. बारा वर्षं मी हे प्रॉस्पेक्टस लोकांना वाटतेय. शेवटचं पान मी स्वतः कधी वाचलं नव्हतं!

हेलनला बोलावलं. तिने फॉर्म वाचला, विलासच्या जाकिटाकडे बघितलं, पुन्हा फॉर्म वाचला. "मिस्टर कदम, तुमची नोकरी?"

"अर्ली शिफ्ट मागून घेतली. बारा वाजता सुटतो. ब्लॉक सी दुपारचा आहे, मी टाइमटेबल बघितलंय."

"इतर सगळी सोळा वर्षांची मुलं असतील. त्यामुळे तुमची बॅकग्राउंड तपासणी करावी लागेल."

त्याने गळ्यातला विमानतळाचा पास पुढे केला. "मॅडम, माझी दर काही वर्षांनी होते. अजून एक करा."

"होमवर्क असेल. परीक्षा असेल. आर यू शुअर?"

"नो," विलास म्हणाला. "बट प्लीज राइट द नेम."

हेलनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा चाळीस. मग माझ्याकडे बघितलं. मग फॉर्म त्याच्याकडे परत सरकवला. "पूर्ण भरा. एकही रकाना रिकामा चालणार नाही."

विलास पुन्हा वाकला. आणि एका रकान्याशी अडला. आमचा फॉर्म सोळा वर्षांच्या मुलांसाठी केलेला. त्यात शेवटी एक चौकट असते, विद्यार्थ्याचे पालक कोण, त्यांचा फोन काय, आणि पेरेंट्स इव्हनिंगला, म्हणजे पालकसभेला, ते येणार का.

"ताई, इथे काय लिहू?" तो म्हणाला. "माझे आईवडील तर दोघंही गेले."

दारात जुई उभी होती. पेन्सिलने लिहिलेलं केमिस्ट्री पेनने पक्कं करायला आली होती. केव्हापासून उभी होती, मला माहीत नाही. ती आत आली. बापाच्या कोपराशी उभी राहून तिने फॉर्म वरून खालपर्यंत वाचला. नाव, वय, बी.कॉम., जिऑलॉजी. मग त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि चौकट भरली.

पालकाचं नाव: जुई विलास कदम. नातं: डॉटर. स्वतःचा मोबाइल नंबर. पेरेंट्स इव्हनिंगला येणार का? येस, आणि त्यापुढे मोठी टिक.

पेन त्याला परत दिलं. आठ दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली.

"बाबा, लेट आलास तर कॉलेज मला फोन करतो हं."